दूरच्या दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ: हिशोब नेमका कसा मांडायचा

लॉस एंजेलिसहून सोमवारी रात्री १०:३० ला सुटलेलं विमान सिडनीला बुधवारी सकाळी ६:३० ला उतरतं. तिकिटावरच्या या दोन वेळा एकमेकींतून वजा केल्या की उत्तर येतं ३२ तास. प्रवास मात्र १५ तासांचा असतो. उलट दिशेने सिडनीहून शुक्रवारी सकाळी १० ला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला शुक्रवारीच सकाळी ६:४० च्या सुमारास पोहोचतं, म्हणजे घड्याळाप्रमाणे निघण्याच्या आधीच. अशा तिकिटांवरून लोक सुट्टीचे दिवस चुकीचे मोजतात, हॉटेल चुकीच्या तारखेला घेतात, न्यायला येणाऱ्याला चुकीचा वार सांगतात.

या गफलतीचं मूळ एकच आहे. अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घड्याळातला फरक हे तीन वेगळे हिशोब आहेत आणि बहुतेक जण ते एकत्र करू पाहतात. खालच्या क्रमाने गेलात तर तिन्ही स्वतंत्र राहतात आणि शेवटी एकमेकांशी ताडूनही बघता येतात. क्रम बदलू नका, कारण पुढच्या टप्प्याला मागच्या टप्प्याचा आकडा लागतो.

आधीची तयारी

कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये एवढं लिहून घ्या: दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड, दोघांचे अक्षांश-रेखांश दशांश स्वरूपात, प्रवासाची नेमकी तारीख आणि त्या तारखेला दोन्ही शहरांचा यूटीसीपासूनचा फरक. यूटीसी म्हणजे जगभरच्या घड्याळांचा सामाईक संदर्भ. कॅल्क्युलेटर साइन-कोसाइन करणारा हवा. फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक वेळा ती बटणं दिसतात.

तारखेशिवाय हिशोबाला बसू नका. तीच दोन शहरं आणि तेच विमान असलं, तरी जानेवारीतलं उत्तर आणि जुलैतलं उत्तर वेगळं येतं. कसं ते पाचव्या टप्प्यात येईलच.

टप्पा १: विमानतळ नक्की करा, शहर नव्हे

‘लंडन ते टोकियो’ हा प्रश्नच अर्धवट आहे. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी असे अनेक विमानतळ आहेत, टोकियोला हानेडा आणि नारिता, तर न्यूयॉर्कला जेएफके, लाग्वार्डिया आणि शेजारच्या न्यू जर्सीतलं न्यूअर्क. काही कोड तर विमानतळाचे नसून अख्ख्या शहराचे असतात: एलओएन, टीवायओ, एनवायसी. तिकीट शोधताना ते चालतात, अंतर मोजताना चालत नाहीत.

लांबच्या प्रवासात शहरातल्या दोन विमानतळांमुळे उड्डाणाच्या अंतरात पडणारा फरक नगण्य असतो. खरा फटका जमिनीवर बसतो. हानेडावर उतरून नारिताहून पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये ६० किलोमीटरहून जास्त रस्ता आहे. हीथ्रो ते गॅटविक हाही तसाच पल्ला, आणि रस्त्यावर गर्दी असेल तर दीड तासाच्या भरवशावर राहू नये.

एकाच नावाची गावं हा दुसरा सापळा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसंच कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातही आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे (कोड एसजेसी) आणि कोस्टा रिकाची राजधानीही सॅन होजेच (एसजेओ). बर्मिंगहॅम इंग्लंडमधलं असेल तर कोड बीएचएक्स आणि अमेरिकेतल्या अलाबामातलं असेल तर बीएचएम. एका अक्षराच्या फरकाने महासागर ओलांडला जातो.

*पडताळणी:* कोडसमोर देशाचं नाव लिहा. आपल्या मनातला देश आणि कोडचा देश एकच आहे ना, एवढं बघून पुढे जा.

टप्पा २: अक्षांश-रेखांश बरोबर उतरवून घ्या

सूत्रात चूक करणारे थोडे, आकडे उतरवताना चुकणारेच जास्त. तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ. ३३ अंश ५७ मिनिटं म्हणजे ३३.५७ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं: ५७ भागिले ६० म्हणजे ०.९५, म्हणून उत्तर ३३.९५. ही एक चूक झाली तर विमानतळ जागेवरून ४० किलोमीटरपेक्षा जास्त सरकतो.

दुसरी, चिन्हं. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. सिडनीचा अक्षांश उणे ३३.९५, रेखांश अधिक १५१.१८. लॉस एंजेलिसचा अक्षांश अधिक ३३.९४, रेखांश उणे ११८.४१. सिडनीच्या अक्षांशाचं उणे चिन्ह राहिलं की विमानतळ थेट उत्तर गोलार्धात जातो आणि अंतर हजारो किलोमीटरनी चुकतं.

तिसरी, क्रम. काही ठिकाणी आधी अक्षांश देतात, काही फाइलींमध्ये आधी रेखांश. अक्षांश कधीच ९० च्या वर जात नाही. पहिला आकडा १५१ दिसला तर क्रम उलटा आहे हे लगेच कळतं.

टप्पा ३: अंतर काढा

पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्तावरून, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून, जातो. जुन्या पद्धतीने बघायचं तर पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन विमानतळांवर दोरा ताणून धरा. दोरा जिथून जातो तोच तो मार्ग. सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ हा मार्ग नसतो. हीथ्रो ते जेएफके बृहद्‌वृत्ताने सुमारे ५,५४० किलोमीटर आहे. नेहमीच्या मर्केटर नकाशावरच्या सरळ रेघेने गेलं तर सुमारे ५,७६० किलोमीटर पडतात. म्हणूनच टोकियो–न्यूयॉर्कचं विमान नकाशावर अलास्काकडे वळसा घेतल्यासारखं दिसतं. तो वळसा नव्हे, तीच जवळची वाट.

हिशोब हाताने करायचा तर असा:

१. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा.
२. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करा आणि त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या कोसाइनने गुणा.
३. दोन्ही उत्तरांची बेरीज करा.
४. त्या बेरजेचा उलट कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घ्या. मिळतो तो दोन विमानतळांमधला कोन.
५. कोन अंशांत असेल तर १११.२ ने गुणा. रेडियनमध्ये (कोन मोजण्याचं दुसरं एकक) असेल तर ६,३७१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये.

सिडनी–लॉस एंजेलिस करून बघू. साइनचा गुणाकार उणे ०.३११८. कोसाइनचा गुणाकार ०.६८८२. रेखांशांतला फरक १५१.१८ अधिक ११८.४१ म्हणजे २६९.५९ अंश, त्याचा कोसाइन उणे ०.००७२. ०.६८८२ ला त्याने गुणलं की उणे ०.००५०. बेरीज उणे ०.३१६८, कोन सुमारे १०८.४७ अंश. अंतर सुमारे १२,०६० किलोमीटर.

रेखांशांतला फरक १८० च्या वर गेला म्हणून घाबरू नका. २६९.५९ आणि ३६० मधून तो वजा केल्यावर उरणारे ९०.४१, दोघांचा कोसाइन एकच असतो, त्यामुळे सूत्र आपोआप जवळची बाजू धरतं. नुसत्या अंदाजाने मोजणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवायचं: पॅसिफिक ओलांडताना १८० रेखांशावर नकाशा संपतो, पृथ्वी संपत नाही.

*सावध:* स्प्रेडशीटमधली साइन-कोसाइनची फंक्शन्स अंश घेत नाहीत, रेडियन घेतात. आधी अंशांचे रेडियन केले नाहीत तर उत्तर येईल, दिसायला ठीकही वाटेल, पण साफ चुकीचं असेल. या एका कारणाने बिघडलेल्या शीट सगळ्यांत जास्त दिसतात.

वरचं सूत्र पृथ्वीला अगदी गोल धरतं. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे: विषुववृत्ताशी त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी सुमारे ६,३५७. त्यामुळे चपटेपणा धरून मोजणाऱ्या संकेतस्थळावर तुमच्यापेक्षा थोडा वेगळा आकडा दिसेल. हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो आणि प्रवासाच्या नियोजनात त्याला काही अर्थ नाही. दोन संकेतस्थळांवर १०-१५ किलोमीटरचा फरक दिसला म्हणून त्यातलं खरं कोणतं याचा शोध घेत बसू नका.

एककांतला फरक मात्र महागात पडतो. साधा मैल १.६०९ किलोमीटर, सागरी मैल १.८५२ किलोमीटर. विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात, प्रवाशांच्या मैलांच्या योजना बहुधा साध्या मैलांत, आणि दोन्हीकडे नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असतं. एकाच्या जागी दुसरा धरला की १५ टक्के चूक ठरलेली.

*पडताळणी, तीन प्रश्न:*
- उत्तर २०,००० किलोमीटरपेक्षा बरंच जास्त आलं आहे का? पृथ्वीवर कोणतीही दोन ठिकाणं यापेक्षा फारशी दूर असूच शकत नाहीत.
- अक्षांशांतला फरक गुणिले १११, यापेक्षा उत्तर कमी आलं आहे का? सिडनी–लॉस एंजेलिसमध्ये अक्षांशांचा फरक सुमारे ६७.९ अंश, म्हणजे निदान ७,५०० किलोमीटर तरी हवेतच.
- गोलावर ताणलेल्या दोऱ्याशी उत्तर ढोबळमानाने जुळतंय का?

टप्पा ४: अंतरावरून उड्डाणाचा वेळ

इथे सरळ भागाकार करू नका. ‘१२,०६० भागिले ९००, म्हणजे तेरा तास चोवीस मिनिटं’ हे उत्तर जाताना चुकतं आणि येताना वेगळ्या कारणाने चुकतं. चार गोष्टी क्रमाने जमेस धरायच्या आहेत.

*प्रत्यक्ष वाट थोडी लांब असते.* विमान निघताना धावपट्टीच्या दिशेने उठतं, ठरलेल्या मार्गांनी जातं, उतरताना रांगेत येतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना कार्बनचा हिशोब करताना बृहद्‌वृत्ताच्या अंतरात अशी भर घालते: ५५० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ५०, ५,५०० पर्यंत १००, त्याहून जास्त असेल तर १२५ किलोमीटर. आपल्या कामाला हा आडाखा पुरेसा आहे. आपलं अंतर आता १२,१८५.

*वेग.* लांब पल्ल्याची मोठी जेट विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातात. त्या उंचीवरच्या थंड हवेत ते ताशी सुमारे ९०० किलोमीटर होतात. खुर्च्यांच्या मधून एकच वाट असलेल्या छोट्या जेट विमानांसाठी ८३० धरा. हा वेग हवेच्या संदर्भातला आहे, जमिनीच्या नव्हे, हे ध्यानात ठेवा.

*वारा.* सगळ्यांत मोठा फरक हाच पाडतो. मध्य अक्षांशांवर, ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो आणि हिवाळ्यात तो जास्त जोर धरतो. पूर्वेकडे जाणाऱ्याला तो पाठीमागून ढकलतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोरून अडवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून लंडनला एक विमान ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी तेच अंतर कापायला साडेसहा-सात तास जातात. सरासरी म्हणून पूर्वेकडे जाताना ताशी ५० ते १०० किलोमीटर मिळवा आणि पश्चिमेकडे जाताना तेवढेच वजा करा. उत्तर-दक्षिण प्रवासात किंवा विषुववृत्ताजवळ वाऱ्याचा फरक फारसा धरू नका.

*जमिनीवरची मिनिटं आणि चढ-उतार.* वेळापत्रकातला वेळ विमान हवेत असतानाचा नसतो. गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकणं, रांग, सावकाश चढणं-उतरणं, या सगळ्यांना मिळून ४० मिनिटं धरा.

आता मांडणी. वारा ताशी ५० धरू. सिडनीकडे, म्हणजे पश्चिमेकडे: १२,१८५ भागिले ८५० म्हणजे १४ तास २० मिनिटं, अधिक ४०, म्हणजे १५ तास. लॉस एंजेलिसकडे: १२,१८५ भागिले ९५० म्हणजे १२ तास ५० मिनिटं, अधिक ४०, म्हणजे साडेतेरा तास. वेळापत्रकातले आकडे याच्याच आसपास असतात.

दशांश तासांचं लचांड इथेही आहेच. १४.३४ तास म्हणजे १४ तास ३४ मिनिटं नव्हे. ०.३४ ला ६० ने गुणायचं: साधारण २० मिनिटं.

*सावध:* जाण्या-येण्याची सरासरी काढून दोन्हीकडे तीच वापरू नका. वारा दोन्ही वेळा सारखाच असला तरी समोरच्या वाऱ्यात गेलेला वेळ पाठच्या वाऱ्यात पूर्ण भरून निघत नाही. वरच्या उदाहरणात फरक दीड तासाचा आहे, आणि मधलं विमान पकडायचं असेल तर दीड तास फार होतो.

आणि एक मुद्दा, जो सूत्रात बसत नाही: बंद आकाश. २०२२ पासून युरोपीय, ब्रिटिश आणि अमेरिकी कंपन्यांना रशियाच्या हवाई हद्दीतून जाता येत नाही. हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ-दहा तासांचा प्रवास त्यामुळे १३ तासांच्या घरात गेला. काही चिनी कंपन्या मात्र अजून रशियावरून जातात, म्हणून युरोप ते पूर्व आशिया या वाटेवर एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, कंपनीगणिक दोन-दोन तासांचा फरक दिसू शकतो. अशा मार्गांवर सूत्राचं उत्तर हा निव्वळ किमान वेळ समजा आणि त्याच कंपनीचं वेळापत्रक बघा. कधी विमान मुद्दामही लांबची वाट घेतं. सिंगापूर–जेएफके हे बृहद्‌वृत्ताने सुमारे १५,३५० किलोमीटरचं अंतर आहे, पण पाठचा वारा मिळावा म्हणून विमानं कित्येकदा पॅसिफिकवरची जास्त लांबीची वाट धरतात. लांबून जाऊनही ती लवकर पोहोचतात.

टप्पा ५: घड्याळांचा हिशोब

माझ्या मते या सगळ्यात जपून करायचा टप्पा हाच. नियम एकच: स्थानिक वेळेतून स्थानिक वेळ कधीही वजा करायची नाही. दोन्ही वेळा आधी यूटीसीत आणायच्या आणि मग वजाबाकी.

१. निघण्याची स्थानिक वेळ तारखेसह लिहा. त्यातून निघण्याच्या शहराचा यूटीसी-फरक वजा करा.
२. पोहोचण्याची स्थानिक वेळ तारखेसह लिहा. त्यातून पोहोचण्याच्या शहराचा यूटीसी-फरक वजा करा.
३. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. हाच खरा प्रवासाचा वेळ.

सुरुवातीचं उदाहरण जुलैतलं धरा. लॉस एंजेलिस यूटीसीच्या ७ तास मागे (उणे ७), सिडनी १० तास पुढे. सोमवार २२:३० मधून उणे ७ वजा करायचे म्हणजे ७ मिळवायचे: मंगळवार ०५:३० यूटीसी. बुधवार ०६:३० मधून १० वजा: मंगळवार २०:३० यूटीसी. वजाबाकी १५ तास. उणे आकडा वजा करताना तो मिळवायचा असतो. गाडी हमखास इथेच अडते, म्हणून घाईत करू नका.

परतीचं: सिडनी शुक्रवार १०:०० म्हणजे शुक्रवार ००:०० यूटीसी. लॉस एंजेलिस शुक्रवार ०६:४० म्हणजे १३:४० यूटीसी. १३ तास ४० मिनिटं.

आंतरराष्ट्रीय वाररेषेचा, म्हणजे पॅसिफिकमध्ये जिथे वार बदलतो त्या रेषेचा, वेगळा हिशोब करायची गरज नाही. यूटीसीच्या या पद्धतीत ती आपोआप येते. जे लोक यूटीसीही काढतात आणि वर ‘वाररेषा ओलांडली म्हणून एक दिवस’ वेगळा धरतात, त्यांचं उत्तर बरोबर २४ तासांनी चुकतं.

*फरक तासांच्या पटीतच असतो असं नाही.* भारत यूटीसीच्या ५:३० पुढे, नेपाळ ५:४५, न्यूफाउंडलंड साडेतीन तास मागे, न्यूझीलंडची चॅटम बेटं १२:४५ पुढे. जगातली घड्याळं उणे १२ पासून अधिक १४ पर्यंत पसरलेली आहेत, म्हणजे दोन ठिकाणांतला फरक २४ तासांपेक्षा जास्तही असू शकतो.

*उन्हाळी वेळ.* काही देश वर्षातून दोनदा घड्याळं सरकवतात आणि सगळे एकाच दिवशी सरकवत नाहीत. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. म्हणून लंडन–न्यूयॉर्क फरक एरवी ५ तास, पण मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा तो ४ तास असतो. सिडनीत ऋतू उलटे, म्हणून तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ पुढे. त्यामुळे सिडनी आणि लॉस एंजेलिस यांच्यातला फरक जुलैत १७ तास, जानेवारीत १९, आणि मधल्या आठवड्यांत १८. त्याच ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन घड्याळ हलवतच नाही. गेल्या वेळचा आकडा आठवणीतून वापरू नका. प्रवासाच्या तारखेचा बघा, आणि रात्रीच घड्याळं बदलणार असतील तर निघतानाचा फरक निघण्याच्या क्षणाचा, पोहोचतानाचा पोहोचण्याच्या क्षणाचा घ्या.

*सावध:* प्रमाणवेळेच्या संक्षेपांवर विसंबू नका. ‘सीएसटी’ चीनचीही आहे आणि अमेरिकेच्या मध्यभागाचीही, दोघांत १४ तासांचं अंतर. ‘आयएसटी’ भारत, आयर्लंड, इस्रायल तिघेही वापरतात. नेहमी शहराच्या नावाने शोधा.

*पडताळणी:* टप्पा ४ चं उत्तर आणि या टप्प्याचं उत्तर शेजारी ठेवा. तासाभराच्या आत जुळलं तर पुढे जा. बरोबर एका तासाची चूक वाटत असेल तर उन्हाळी वेळ तपासा. २४ तासांची असेल तर तारीख, आणि १२ तासांची असेल तर सकाळ-संध्याकाळ.

टप्पा ६: मध्यरात्रीची तारीख

हा टप्पा छोटा आहे, पण विमान चुकतं ते यामुळेच. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:२०’ असेल तर तुम्हाला विमानतळावर १४ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊला हजर राहायचं आहे. १५ च्या रात्री गेलात तर विमान जाऊन जवळपास एक दिवस झालेला असतो. रात्री १२ ते पहाटे ४ मधली कोणतीही वेळ दिसली की तिच्याखाली एक ओळ स्वतःच्या भाषेत लिहा: ‘१४ तारखेला, मंगळवारी, रात्री जेवून निघायचं.’ वार लिहायला विसरू नका. तारखेची चूक नजरेतून सुटते, वाराची सुटत नाही.

पोहोचण्याच्या वेळेपुढचा ‘+१’ किंवा ‘+२’ हा स्थानिक तारखेचा फरक असतो, प्रवासाचे दिवस नसतात. पॅसिफिक पूर्वेकडे ओलांडताना क्वचित ‘-१’ ही दिसतं. ती छपाईची चूक नव्हे.

टप्पा ७: मध्ये थांबा असेल तर

आधी हे बघा की ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ यांत फरक आहे. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक शेवटपर्यंत एकच, पण ते मध्ये उतरू शकतं. तिकिटाच्या तपशिलात थांब्यांची संख्या लिहिलेली असते, ती वाचा.

एकूण वेळासाठी पहिल्या विमानाच्या सुटण्याची यूटीसी वेळ आणि शेवटच्या विमानाच्या पोहोचण्याची यूटीसी वेळ, एवढ्याच दोन घ्या आणि वजा करा. मधले तुकडे बेरजेत घेऊ नका. बेरजेत एक तुकडा हमखास राहतो. मधल्या थांब्याचा वेळ मात्र थेट स्थानिक वेळा वजा करून काढता येतो, कारण दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या आहेत. या लेखात स्थानिक वेळ वजा करायची परवानगी फक्त इथेच.

थांबा पुरेसा आहे का हे ठरवताना त्यातून आधी हे काढून टाका: विमानातून बाहेर पडण्याची १५-२० मिनिटं, आणि पुढच्या विमानाचं गेट सुटण्याच्या आधी १५-२० मिनिटं बंद होतं ती. मग टर्मिनल बदल, सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं आणि पुढे देशांतर्गत विमान असलं तरी सामान बहुधा तिथे ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. अशा ठिकाणी मी तीन तासांपेक्षा कमी थांबा घ्यायला सांगणार नाही.

दोन वेगळी तिकिटं असतील तर हिशोब आणखी कडक. एका तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी बघते. वेगळ्या तिकिटांवर दुसरी कंपनी तुम्हाला ‘आला नाही’ म्हणून मोकळी होते. शिवाय सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचं, म्हणजे त्या देशात प्रवेश करायचा, म्हणजे व्हिसा लागतो का हेही बघायचं.

थांब्याच्या प्रवासात अंतरंही दोन होतात. प्रत्यक्ष उडालेलं अंतर म्हणजे तुकड्यांची बेरीज. पण युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे उशिराची भरपाई मागताना, एकाच बुकिंगवर, पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंतचं सरळ बृहद्‌वृत्ताचं अंतर धरतात. त्या नियमाच्या पायऱ्या १,५०० आणि ३,५०० किलोमीटरच्या आहेत. तुमचं अंतर या आकड्यांच्या अगदी जवळ असेल, तर तिसऱ्या टप्प्यात नगण्य म्हणून सोडलेले ते १०-१५ किलोमीटर इथे कामाचे ठरतात. अशा वेळी चपटेपणा धरणारं साधन वापरा.

टप्पा ८: दारापासून दारापर्यंत, आणि शेवटची तपासणी

विमानाच्या वेळेला मागे-पुढे जोडा: घर ते विमानतळ, आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचणं, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान यांचा तास-दीड तास, तिथून मुक्कामापर्यंतचा रस्ता. १५ तासांचं उड्डाण सहज २१-२२ तासांचा प्रवास होतो. दुसऱ्या दिवशी सकाळची बैठक ठेवायची का, हे या आकड्यावरून ठरवा, तिकिटावरच्या आकड्यावरून नको.

मग विमानाचा क्रमांक घेऊन फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरसारख्या ठिकाणी मागच्या आठवड्याभराच्या प्रत्यक्ष वेळा बघा. वेळापत्रकात कंपन्या थोडी मोकळीक ठेवतात, त्यामुळे विमान लवकर पोहोचताना दिसेल. पण ते रोज चाळीस-पन्नास मिनिटं उशिरा येत असेल, तर सातव्या टप्प्यातला थांबा पुन्हा मोजायला हवा.

वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हंगामाप्रमाणे बदलतात. तिकीट त्याआधी काढलं असेल आणि प्रवास त्यानंतर असेल, तर कंपनीचा ‘वेळेत बदल’ असा ईमेल आलेला असण्याची दाट शक्यता आहे. तो शोधा. १५ मिनिटांचा बदल किरकोळ वाटतो, पण पहिलं विमान १५ मिनिटं पुढे आणि दुसरं १५ मिनिटं मागे सरकलं की थांब्यातला अर्धा तास गेला. बदल सापडला तर पाचव्या टप्प्यापासून हिशोब नव्याने करा, आणि न्यायला येणाऱ्याला विमानाचा क्रमांक, पोहोचण्याचा वार, तारीख आणि ‘तिथली वेळ’ असं स्पष्ट लिहून पाठवा.